दाजी आणि डेडस्टॉक नंबर सात

आमच्या शेजारचे दाजी परब कॉम्प्युटरचं बटण एकट्याने कधीच दाबत नाहीत. आधी अंघोळ करतात, धुतलेला सदरा चढवतात, कॉम्प्युटरपुढे विड्याचं पान आणि नारळ ठेवतात आणि मग आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याशी येऊन हाक मारतात, "मोहना, ये रे, गाऱ्हाणा घालूचा आसा."

आमच्याकडे गाऱ्हाणं कशालाही घालतात. नवी होडी पाण्यात लोटायची असो, विहीर खणायची असो, नाहीतर मुलीला मुलाखतीला पाठवायचं असो. जाणता माणूस उभा राहून देवांची नावं घेतो, काय अडचण आहे ती देवाला नीट समजावून सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यासाठी मागणाऱ्याखेरीज निदान एक माणूस लागतोच. आपणच मागायचं आणि आपणच होय म्हणायचं, हे देवालाही बरं दिसत नसावं. दाजी घरात एकटे. तेव्हा तो एक माणूस गेली कित्येक वर्षं मीच आहे.

"बा देवा रवळनाथा, माये सातेरी..."

"व्हय म्हाराजा."

"आज ह्या यंत्राची पावर सप्लाय बदललेली आसा. तिच्यात काय खोट आसात तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"मागच्या खेपेक जसो धूर इलो, तसो आज येवक देव नको रे म्हाराजा!"

ह्या शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला मी मनापासून जोर देतो, कारण मागच्या खेपेचा धूर आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता.

दाजी सत्तरीच्या पुढचे. अंगाने सडपातळ, अर्धी खाकी चड्डी, सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. एके काळी आमच्या पंचक्रोशीत पहिला कॉम्प्युटर त्यांनी आणला. सकाळी क्लास चालायचा आणि दुपारी कॉम्प्युटरवर पत्रिका काढून मिळायच्या. देवगडपासून माणसं यायची. प्रिंटरची करकर वाडीभर ऐकू यायची आणि बायका म्हणायच्या, कोणाचा तरी लगीन ठरला. दाजींचं स्वतःचं मात्र कधी ठरलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरात घालून बघितलंय. माझी पत्रिका कोणाशीच जुळना नाय."

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले, क्लास बंद पडला. पण दाजींचं ते पहिलं यंत्र राहिलं. ते अजून माजघरात एका टेबलावर आहे, वर जुन्या लुगड्याचा पडदा. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथे पत्रा, खिळा, सायकल काहीच टिकत नाही. दाजींचा खरा वैरी तो वारा. कुठलीही वस्तू बंद पडली की ते आधी तिचा वास घेतात आणि निदान करतात, "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान." उपायही ठरलेले. आतली कार्डं काढून त्यांच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबराने घासायच्या आणि ती रात्रभर तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायची. त्यांच्याकडे जेवायला बसलं तर भातात एखादा स्क्रू मिळणं हे काही आश्चर्य नाही. मला दोनदा मिळाला आहे. दोन्ही वेळा दाजींनी तो ताटातून उचलून आनंदाने खिशात घातला.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "मेला नाय, जीव आसा." आमचा मिक्सर, खालच्या वाडीतला रेडिओ, ग्रामपंचायतीचा कर्णा, सगळ्यांना कान लावून त्यांनी हेच सांगितलं आहे. एकदा एका मयताला गेले, पाया पडायला वाकले आणि सवयीने पुटपुटले, "जीव आसा." दोन माणसं डॉक्टरला आणायला धावली. मयताच्या घरच्यांनी वर्षभर दाजींशी बोलणं टाकलं होतं.

जुन्या यंत्राचे भाग मिळवणं हा त्यांचा बारमाही उद्योग. गणपतीच्या चवथीला मुंबईचे चाकरमानी गावात उतरले की बाकीचे लोक पेढ्यांची वाट बघतात. दाजी चिठ्ठ्या घेऊन उभे. मागच्या चवथीला दिलेल्या यादीतलं काय आणलंत, हा पहिला प्रश्न. बिचारे चाकरमानी काहीतरी आणायचेही. कोणी सीडीचा ड्राइव्ह आणला, कोणी माऊस. एकाने नवा कोरा पेनड्राइव्ह आणून दिला आणि म्हणाला, "दाजीनू, ह्येच्यात तुमचो अख्खो क्लास मावतलो." दाजींनी तो कौतुकाने उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बरो आसा. पण ह्येका घालूक भोकच नाय माझ्या यंत्राक."

त्यांना हवा होता तो फ्लॉपी ड्राइव्ह. साधा नव्हे. सगळ्यात जुना, पापडाएवढ्या लवचीक फ्लॉप्या जातात तो. त्यांचा स्वतःचा ड्राइव्ह वाऱ्याने खाल्ला होता आणि तांदळात आठवडाभर पुरूनही उठला नव्हता. त्यासाठी हा माणूस उन्हातान्हात एसट्या बदलत रेडीपर्यंत जाऊन आला. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसात जुनं सामान आहे असं कोणी सांगितलं होतं. परत आला तो एक कीबोर्ड घेऊन. उपडा केला तर त्यातून मूठभर लाल माती पडली.

आणि तसला ड्राइव्ह होता कुठे? माझ्या शाळेत, अडगळीच्या खोलीत, माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर.

मी हायस्कूलात कारकून आहे. बाद झालेलं सामान डेडस्टॉक रजिस्टरात नोंदवायचं आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा, हे माझं काम. ऑडिटच्या धास्तीने मी माऊसवरसुद्धा नंबर घातले होते. तो ड्राइव्ह होता डेडस्टॉक नंबर सात. दाजींना मी एकदा बोलता बोलता हे सांगून बसलो. ते एकदम उभे राहिले. "डेड? डेड कोणी ठरवल्यान? जीव आसतलो रे त्येच्यात!"

दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा लेंगा घालून ते शाळेत आले. ऑफिसात आले की दाजी एकदम शुद्ध बोलतात. "नमस्कार. अर्ज सादर करावयाचा आहे." अर्ज वळणदार अक्षरात होता. विषय : मृत घोषित केलेल्या संगणकाच्या अवयवदानाबाबत.

आता इथून पुढे माझी गोष्ट सुरू होते, आणि ती सांगताना मला लाज वाटते.

तो अर्ज मी मुख्याध्यापकांपुढे ठेवलाच नाही. ठेवला असता तर त्यांनी सहीच केली असती, माणूस वाईट नाही. पण आधी तो अर्ज स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला गेला असता. दाजींच्या गाऱ्हाण्याला मी उभा राहतो हे तिथे कोणाला तरी कळलं होतं आणि तेव्हापासून तिथे माझं नावच 'व्हय म्हाराजा' पडलं होतं. चहा आला की कोणीतरी ओरडायचं, "व्हय म्हाराजाला अर्धा द्या." मी हसण्यावारी नेत होतो, पण आतून जळत होतो. त्या हशात हे अवयवदान आणखी घालायची माझी छाती झाली नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. दाजी गडग्यावरून विचारत, "काय झाला रे?" आणि मी सांगे, "प्रोसेसमध्ये आसा, दाजीनू."

मग एक दिवस ती खोली रिकामी करायचा आदेश आला. भंगाराचा टेम्पो दारात लागला. मी रजिस्टर घेऊन उभा, एकेक वस्तू बाहेर जाते आहे, मी खूण करतो आहे. सात नंबर माझ्या डोळ्यांसमोरून गेला. क्षणभर वाटलं, हा बाजूला ठेवा म्हणावं. तेवढ्यात मागून एक शिक्षक म्हणाले, "काय व्हय म्हाराजा, कशात जीव अडकला?" सगळे हसले. मीही हसलो आणि सातपुढे खूण केली.

संध्याकाळी दाजी गडग्याशी उभेच. "मोहना, टेम्पो गेलेलो बघितलंय. आमचो ड्राइव्ह?"

खरं सांगायला काय झालं होतं? विसरलो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी सराईतासारखा म्हणालो, "सगळा सामान उलटापालटा करून बघितलंय, दाजीनू. तसलो ड्राइव्ह त्यात नव्हतोच. माझीच नोंद चुकलेली."

"तू स्वतः बघितलंस मां? मगे झाला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोकम सरबताची बाटली घेऊन हजर. "माझ्यापायी तुका धुळीत हात घालूचे लागले. घसो धरलो आसतलो. ह्या घे." बाटली माझ्या हातात देऊन ते निघूनही गेले.

त्या बाटलीने माझा जो छळ मांडला तो कोणी शिव्या देऊनही मांडला नसता. फ्रीज उघडला की ती समोर उभी. मी तिच्यातला थेंबही घेऊ शकलो नाही. आमच्या सौभाग्यवतीने कहर केला. दाजी एकदा घरी आले तर त्यांनाच त्यातलं सरबत दिलं आणि वर म्हणाली, "ह्येंका नको तो कोकम. घशाखाली उतरणा नाय म्हणतत." दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं.

जत्रेच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं होतं. आता ते एक तरुण मानकरी घालतो. चांगला आहे, आवाज खणखणीत आहे. पण चार मोठे देव झाले की तो म्हणतो, "आणि बाकीच्या सगळ्या देवांका..." आणि संपवतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दाजींनी डोळे मिटून घेतले. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाले, "देवांका वगैरे म्हणतत रे. वगैरे!"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांच्या शेजारात कधी सांगितलं नव्हतं.

गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान पूर्वी परबांच्या घराकडे. दाजींचे मोठे भाऊ, आबा, ते घालत. मला ते अंधुक आठवतात. एका दमात अर्धा तास चालायचं ते गाऱ्हाणं. डोंगराच्या सड्यावरचा देव, खाडीच्या तोंडावरचा देव, कुठल्या वडाखालचा, कुठल्या बांधावरचा, एकेकाला नावाने हाक. सगळं तोंडपाठ. दाजींनी नवा कॉम्प्युटर आणला, त्यात मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड बसवलं, तेव्हा पहिला मजकूर म्हणून आबांचं गाऱ्हाणंच टाइप केलं. आबा झोपाळ्यावर बसून सांगत होते, दाजी बोटाने एकेक अक्षर मारत होते. चार दिवस लागले.

"आबान माका म्हटल्यान, आता बस, तुका तोंडपाठ शिकवतंय. माझ्यामागे तुकाच घालूचा आसा," दाजी सांगत होते. ते पायरीवरची शेवाळ नखाने खरवडत होते. "मी हसलंय. म्हटलंय, कशाक? फ्लॉपीत आसा. तो काय बोलूक नाय. पुढच्या पावसात गेलो. आणि फ्लॉपी... कागदार छापून पण काढूक नाय, आणि ड्राइव्हच गेलो." त्यांनी हात उलटा केला. "आबाक मी तोंडार नाय म्हटलंय रे, मोहना. एका यंत्राच्या भरवशार."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं ड्राइव्ह शोधत नव्हता. भावाला दिलेलं उत्तर परत घ्यायची वाट शोधत होता. आणि ती वाट मी माझ्या हाताने, खूण करून, टेम्पोत भरली होती.

तेव्हा तरी बोलायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मिळतलो, दाजीनू. खंय ना खंय मिळतलो." देवळाच्या पायरीवर बसून मी पुन्हा एकदा खोटं बोललो.

त्यानंतर मला घास गोड लागेना. शेवटी रजा टाकून मी कुडाळला गेलो, त्या भंगारवाल्याकडे. मनाशी ठरवलं होतं, ड्राइव्ह घेऊन थेट दाजींच्या पायावर घालायचा. भंगारवाल्याने माझं वर्णन पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "तो ना? काल एक म्हातारो घेऊन गेलो. महिन्यातसून दोनदा येतत ते, सगळे ढीग उपसतत. त्येच्यावरचो पांढरो सात बघून विचारल्यानी, ह्या खंयच्या शाळेचा? मी सांगितलंय."

"मगे? काय म्हणाले?"

"खाली बसले. पाणी मागल्यानी."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली होती, पण वालावलचा फाटा कधी आला, कधी गेला, मला कळलं नाही. दाजी काय म्हणतील याची मी निरनिराळी वाक्यं जुळवत होतो. शिव्या दिल्या तर बरं होईल, असंही वाटत होतं. घरी येऊन दिवा न लावता बसून राहिलो.

सकाळी हाक आली. नेहमीचीच, नेहमीच्याच आवाजात. "मोहना, ये रे, गाऱ्हाणा घालूचा आसा."

मी गेलो. पाय ओढत गेलो, पण गेलो. दाजींनी धोतर नेसलं होतं. पान, नारळ जागच्या जागी. यंत्राच्या पोटात तो ड्राइव्ह बसवलेला. कोपऱ्यात, मी नेहमी जिथे नंबर घालतो तिथे, पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेलं होतं. नंबर काढून टाकला होता. मला दिसू नये म्हणून काढला होता, हे मला उमगलं. पण माझ्या सातची शेपटी जरा लांब असते. तिचं पांढरं टोक तेवढं खाचेत राहिलं होतं. मी दाजींकडे बघितलं. ते फ्लॉपी कागदाच्या पाकिटातून काढण्यात गुंतले होते.

छोटं गाऱ्हाणं झालं. बटण दाबलं. ड्राइव्ह घरघरला, खटखटला आणि थांबला. दाजींनी फ्लॉपी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, फुंकर घातली, पुन्हा घातली. पुन्हा घरघर. दाजींनी यंत्राला कान लावला.

"जीव आसा," ते हलकेच म्हणाले.

आणि काळ्या पडद्यावर हिरवी मराठी अक्षरं उमटायला लागली. बा देवा रवळनाथा.

दाजी ताठ उभे राहिले. "आता नीट आयक. ह्या खेपेक फ्लॉपीत ठेवचा नाय, तोंडात ठेवचा. तू पण ठेव." आणि ते वाचायला लागले. पडद्यावर बोट धरून, एकेक नाव, जराही घाई न करता. सड्यावरचा, खाडीच्या तोंडावरचा, वडाखालचा. मध्ये दोन-तीन जागी अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी आल्या. तिथे ते थांबत, आठवत, मिळालं तर म्हणत, नाही मिळालं तर हात जोडून पुढे जात. वगैरे म्हणाले नाहीत. प्रत्येक नावावर मी होय म्हणत होतो. त्यांचा आवाज हळूहळू आबांसारखा होत गेला, किंवा मला तसं वाटलं.

मजकूर संपला. पडद्यावर फक्त एक टिंब उघडझाप करत राहिलं. मला वाटलं, झालं. पण दाजी थांबले नाहीत. पडद्यावरून नजर काढून त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"आणि म्हाराजा, एका भावाक त्येचो मोठो भाव शिकवूक बसलेलो, तेव्हा 'कशाक, फ्लॉपीत आसा' म्हणान जो उठान गेलो, त्येका पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"आणि एका शेजाऱ्यान आसलेली वस्तू नाय म्हणान सांगितल्यान, आणि तेव्हापासून कोकमाचो घोट त्येच्या घशाखाली उतराक नाय, त्येका पण पदरात घे रे म्हाराजा!"

डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचीही लाज वाटली. दाजी हात जोडून तसेच उभे होते. माझ्याकडे वळून बघत नव्हते. यंत्राचा पंखा घरघरत होता.

"म्हण रे, मोहना," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "तुझ्याबिगर माका व्हय म्हणूक आसा कोण?"

मी म्हणालो. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.